गुढीपाडव्याला धरलेला नेम पोळ्यापर्यंत टिकत नाही. जुन्या सवयी मोडून नवी सुरुवात कशी करावी?

कोरडवाहू (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. वय चाळिशीला टेकले आहे, आठ एकर वावर आहे, कापूस आणि तूर ही मुख्य पिके, आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी थोडा हरभरा. दिवाळीनंतर आम्हा भावांची वाटणी झाली असून येत्या पाडव्यापासून माझी शेती, माझा हिशेब आणि माझी चूल स्वतंत्र होणार आहे. आमच्याकडे सालगड्याचे सालही पाडव्यालाच बदलते, त्यामुळे शेतकऱ्याच्या लेखी खरे नवे वर्ष तेच. घर नव्याने उभे करायचे आहे तर दिवसाची घडीही नव्याने बसवावी, असे मनाने घेतले आहे.

अडचण अशी की माझा दिवस मी ठरवतच नाही, तो आधीच ठरलेला असतो. सकाळी दूध काढून झाले की पाय पानठेल्याकडे वळतात. ठेलेवाला मला लांबून पाहताच काही न विचारता पन्नीवर सुपारी टाकतो, तंबाखू-चुना घालून घोटायला घेतो, आणि खर्र्याची पुडी हातात पडल्यावर पारावरच्या मंडळींचे राजकारण ऐकता ऐकता ऊन डोक्यावर येते. रात्री रानडुकरांसाठी जागलीला गेलो की मचाणावर मोबाइल सुटत नाही. डुकरे बांधाच्या आत आली तरी आधी कुत्र्याला कळते, मग मला. वर्षाचेही तसेच ठरून गेले आहे. जून आला की कृषी केंद्रातून बियाणे-खत उधारीवर आणायचे, पहिल्या वेच्याचा कापूस गावातच माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायचा, आलेल्या पैशांतून उधारी फेडायची आणि पुढच्या जूनला पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढायची.

कोणतीही सवय २१ दिवसांत लागते किंवा सुटते असे मोबाइलवर सतत ऐकायला मिळते. ते खरे आहे काय? हे सगळे पाडव्याला एकदम सोडावे की एकेक करून? आणि गावात पारावर जाणे बंद केले की 'वाटणी झाली अन् हा मोठा झाला' असे बोल लागतात, त्याचे काय करावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वरूडकर

कोरडवाहूभाऊ, मी मानसशास्त्र शिकवतो आणि आमच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू थोड्याफार ठाऊक आहेत.

२१ दिवसांची गोष्ट आधी निकालात काढतो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली असे निरीक्षण मांडले होते की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगीत त्यातला 'किमान' गळला, चेहराही गळला, आणि उरलेला आकडा प्रत्येक सवयीला चिकटला. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून १२ आठवडे करायची आणि ती किती आपसूक होते हे नोंदवायचे, असा तो अभ्यास होता. सवय मुरायला लागलेला मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडत नाही असेही त्यात दिसले. पाडव्यापासून ६६ दिवस मोजले तर आपण रोहिणी-मृगाच्या सुमारास येतो, म्हणजे नेमके पेरणीच्या तोंडावर. तुमचा नेम पोळ्यापर्यंत का पोचत नाही, याचे एक कारण मला इथेच दिसते. उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत बसवलेली घडी पेरणी सुरू होताच विस्कटते, कारण उठण्याची, जेवणाची, वावरात जाण्याची वेळच बदलते. म्हणून नवी सवय अशा गोष्टीला बांधावी जी बाराही महिने तीच राहते. तुमच्याकडे ती आहे: दूध काढणे.

आता थोडे सवयीच्या मुळाविषयी. आपण समजतो की आवड असते म्हणून माणूस ती गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. पण मुरलेल्या सवयीत आवडीला फारसे काम उरत नाही. अमेरिकेत डेव्हिड नील, वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला. चित्रपट पाहायला बसलेल्यांपैकी काहींना ताज्या लाह्या दिल्या आणि काहींना आठवडाभर शिळ्या, मऊ पडलेल्या. ज्यांना चित्रपटगृहात लाह्या खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळ्या लाह्याही ताज्याइतक्याच खाल्ल्या, चव आवडली नाही तरी. मात्र त्यांनाच जेव्हा रोजच्या वापरातला हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हा शिळ्या लाह्यांचे खाणे कमी झाले. खुर्ची, अंधार आणि पडदा यांनी हात चालवला होता. हाताची रीत मोडताच जीभ जागी झाली. तुमच्या बाबतीत दूध काढणे, ठेल्याकडचा रस्ता, ठेलेवाल्याची नजर आणि पार या साखळीने हात चालतो. साखळीचा शेवटचा दुवा तोडण्यापेक्षा पहिला तोडणे कितीतरी सोपे असते, कारण पुडी हातात आल्यावर ती न खाणे याला निर्धार लागतो आणि ठेल्याच्या रस्त्यालाच न लागणे याला नुसती व्यवस्था पुरते.

याचे फार मोठे उदाहरण व्हिएतनाम युद्धाचे आहे. तिथल्या अमेरिकन सैनिकांत अनेकांना हेरॉइनचे व्यसन जडले होते. १९७०च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेने मायदेशी परतलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा तिथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले सुमारे ५ टक्केच निघाले. जागा, सोबती आणि रोजचा ताण हे तिन्ही मागे राहिले होते. तुम्हाला गाव सोडायचे नाही हे उघड आहे, पण वाटणीमुळे तुमच्या दिवसाचा बराच भाग आपोआप हलणार आहे, आणि ही संधी दर पाडव्याला येत नाही.

पाडव्यासारख्या दिवसाविषयी हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांचा २०१४ सालचा अभ्यास आहे. नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस, नवे वर्ष अशा टप्प्यांनंतर लोक व्यायामशाळेकडे आणि संकल्पांकडे अधिक वळतात, असे त्यात आढळले. म्हणजे पाडव्याचा जोर खरा आहे. पण त्याच दाय यांनी २०१८ साली बेसबॉल खेळाडूंची आकडेवारी तपासली आणि दिसले ते असे की हंगामाच्या मध्यात दुसऱ्या लीगमध्ये गेल्यामुळे ज्यांची कामगिरी नव्याने मोजली जाऊ लागली, त्यांतले आधी कमी पडणारे सुधारले आणि आधी चांगले खेळणारे घसरले. तेव्हा पाडव्याला पाटी सरसकट कोरी करू नका. तुम्ही रोज न चुकता दूध काढता, रात्री जागलीला जाता. हे चाललेले आहे आणि ते तसेच चालू द्यावे.

माझा सल्ला विचाराल तर खर्रा आणि पार यांची वेळ एकच असल्याने ती एक सवय समजून तेवढीच आधी हाती घ्या. दूध काढून झाल्यावर चहा घरी, आणि तिथूनच मागच्या वाटेने थेट वावरात. ठेल्यावर जावेच लागले तर काय बोलायचे ते आधीच ठरवून ठेवा. 'त्याने पन्नी उचलली की मी लगेच नुसती बडीशेप मागणार' इतके ठरलेले असावे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा जर-तरच्या बेतांवर बरेच काम केले आहे, आणि नुसत्या 'मी सोडणार' या निश्चयापेक्षा ते अधिक टिकतात.

इरईकाठ

वरूडकर सरांचे म्हणणे अभ्यासाचे आहे, परंतु गावाचा नकाशा त्यात थोडा सुटला आहे असे मला नम्रपणे वाटते. शहरात माणूस रस्ता बदलू शकतो. खेड्यात मागच्या वाटेने गेलेला माणूसही चार जणांना दिसतो आणि दुपारपर्यंत त्याची चर्चा होते. शिवाय खर्रा विकत घ्यावाच लागतो असे नाही. लग्नाच्या मांडवात तो ताटात फिरतो, वेचणीच्या वेळी शेजारी बांधावरून पुडी पुढे करतो, आणि नाही म्हणणे हा त्याचा अपमान ठरतो.

आमचा चंद्रपूर जिल्हा एप्रिल २०१५ ते २०२१ दारूबंदीत होता, शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, आणि गुटख्यावर राज्यभर २०१२ पासून. या तिन्हींचा मला दिसलेला धडा असा की कायदा वस्तू हलवतो, बैठक हलवत नाही. आमच्या गावात गुटख्याची पुडी मिळेनाशी झाल्यावर त्याच बैठकीत घोटलेला खर्रा आला. म्हणून बैठकीलाच हात घालावा लागतो. पारावरच्या मंडळींत सोडू इच्छिणारे दोघे-तिघे असतातच, फक्त आधी कोणी बोलायचे हा प्रश्न असतो. त्यांना गाठून एकत्र सोडा. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना अजून चालते. ज्यांना सकाळची बैठक सोडायची होती त्यांतले काही जण तिथे येऊ लागले. गप्पा सुटल्या नाहीत, माणसेही तीच राहिली, पण त्या जागेत पुडी काढणे शोभत नाही. 'मोठा झाला' हा बोलही मग लागत नाही, कारण तुम्ही माणसांत बसता हे सर्वांना दिसते.

समुपदेशक ताई

मी ग्रामीण भागात तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांशी रोज बोलते, म्हणून एका मुद्द्यावर स्पष्ट लिहिते. वरच्या दोन्ही उत्तरांत खर्र्याचा विचार सवय म्हणून झाला आहे. तो सवय आहेच, पण त्यात निकोटिन आहे आणि त्याचे व्यसन शरीराला लागते. रस्ता बदलला तरी शरीर मागणी करणारच. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, डोके दुखते, झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही. मग हळूहळू उतार पडतो आणि बहुतेकांचा त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, थोडे चालावे, तोंडात लवंग किंवा बडीशेप ठेवावी. सुपारी मात्र नको. अनेक जण तंबाखू सोडून साध्या सुपारीवर येतात आणि सुटका झाली असे समजतात, पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. तोंडाच्या आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासे होण्याचा जो आजार आपल्याकडे तरुणांतही दिसतो, त्याचे मुख्य कारण सुपारीच.

घरी आरशासमोर एक गोष्ट करून पाहा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक अशी उभी आत जातात का ते बघा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, किंवा गालाच्या आत पांढरा पट्टा किंवा बरा न होणारा फोड असेल, तर पाडव्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवा. निकोटिनचे च्युइंगम आणि चिकटपट्ट्या मिळतात, पण प्रमाण विचारूनच घ्यावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचे अभियान चालते. इतर जिल्ह्यांत शासकीय रुग्णालयात चौकशी करावी.

तुम्ही एकटे आहात असेही समजू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात असे आढळले, आणि त्यांतले बहुतेक धूर न काढणारे, म्हणजे चघळणारे होते. पुन्हा एखादी पुडी खाल्ली गेली तर नेम मोडला म्हणून सगळेच सोडून देऊ नये. कोणत्या वेळी, कोणासोबत, कशामुळे खाल्ली ते मनाशी नोंदवावे आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालावे.

बचतगटवाली

दादा, मी वर्धा जिल्ह्यातली शेतकरी बाई आहे. तुम्ही खर्रा, पार, मोबाइल आणि उधारी हे चारही एकाच माळेत ओवले, ते मला पटले नाही. जूनमध्ये हातात पैसा नसतो म्हणून आपण उधारीवर बियाणे आणतो. त्यात मन कमकुवत असण्याचा संबंध नाही. मनाला दोष देत बसलात तर जे करता येण्यासारखे आहे तेही राहून जाईल.

वाटणी झाली आहे ना, मग तिचा फेरफार तलाठ्याकडे लवकर नोंदवून सातबारा स्वतःच्या नावे वेगळा करून घ्या. तोंडी वाटणीवर बँक किंवा सेवा सहकारी सोसायटी तुम्हाला स्वतंत्र पीककर्ज देणार नाही, आणि हे काम जूनमध्ये धावपळीत होत नाही, उन्हाळ्यातच करावे लागते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून व्याजाची सवलत मिळून ते बिनव्याजी पडते. दुकानदाराच्या उधारीत व्याज वेगळे लिहिलेले नसते, पण रोखीचा आणि उधारीचा भाव एकदा शेजारी शेजारी लिहून पाहा.

कापसाचेही तसेच. पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो, सीसीआयला, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाला, ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आतच चालतो, त्यावर गेला की परत पाठवतात. दिवाळीचा खर्च तोंडावर असतो म्हणून आपण खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळे होतो. पूर्ण टाळता येणार नाही हे मान्य आहे. दिवाळीपुरता तेवढा द्या आणि बाकीचा वाळवून ठेवा. उधारीचे हे चक्र एका वर्षात तुटत नाही, पण दरवर्षी त्यातला एक भाग कमी करता येतो.

आणि एक बोलून टाकते, राग मानू नका. सकाळी तुम्ही पारावर असता तेव्हा घरातली बाई स्वयंपाक उरकून, पोरांना शाळेत लावून, विळा घेऊन वावराकडे निघालेली असते. घडी बसवायची म्हणता तर ती तिला विचारून बसवा. तिच्या दिवसात तुमच्यासाठी कोणते काम रिकामे आहे, ते वेगळे शोधावे लागणार नाही.

कोरडवाहू

सर्वांचे मनापासून आभार. बचतगटवाली ताईंचे उत्तर घरी वाचून दाखवले. आमच्या मंडळींनी लगेच सांगितले की दूध काढून झाल्यावर ते गावच्या संकलन केंद्रावर पोचवायचे काम मी घ्यावे, जे आजवर मुलगा शाळेआधी धावत करत असे. केंद्र ठेल्याच्या विरुद्ध टोकाला आहे, त्यामुळे वरूडकर सरांची मागची वाट मला आपसूकच मिळाली. बोटांची चाचणी केली. तिसरे बोट अडकत जाते, म्हणून दंतवैद्याकडे जाणार आहे. फेरफाराचा अर्ज याच आठवड्यात देतो. पारावरच्या एका जुन्या मित्राशीही बोललो आणि तो माझ्याआधीच तयार निघाला, याचे मला नवल वाटले.

जागलीच्या मोबाइलविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. रात्रभर एकट्याने मचाणावर बसायचे तर वेळ जात नाही, आणि जंगल जवळ असल्याने फोन घरी ठेवणेही धोक्याचे आहे.

इरईकाठ

फोन घरी ठेवूच नका. आमच्याकडे तर वाघाचा वावर आहे, फोनशिवाय कोणी जागलीला जात नाही. मी बटणांचा साधा फोन घेतला आहे. त्यावर बोलणे होते, विजेरी लागते, रेडिओ ऐकता येतो आणि एकदा चार्ज केला की बरेच दिवस पुरतो. मोठा फोन घरी राहतो. रेडिओ चालू असला तरी डोळे वावरावर राहतात, आणि माणसाचा आवाज सतत येत असल्याने डुकरेही सहसा जवळ येत नाहीत. दोन शेजाऱ्यांनी मिळून पाळ्या लावल्या तर आठवड्यातल्या अर्ध्या रात्री झोप मिळते. पुढे पैसे जमले की सौर कुंपणाचे झटका मशीन बसवा. ते बसल्यावरही तार गवताला टेकलेली नाही ना, हे मात्र दर दोन-चार दिवसांनी फिरून पाहावे लागते, नाहीतर झटका उतरतो.